मंद आवाजातला खर्ज

रेडिओचा, रेकॉर्डचा किंवा मोबाइलचा आवाज कमी केला की गाणे नुसते लहान होत नाही, त्याचा रंगही बदलतो. आधी डग्ग्याचा घुमारा नाहीसा होतो, मग तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचे वजन जाते आणि शेवटी गवयाचा गळा आणि चाटीवरचे बोल तेवढे उरतात. यंत्राने यात काही बिघडवलेले नसते. व्हॉल्यूमचे बटण सगळ्या स्वरांना सारख्याच प्रमाणात खाली आणते. कानाचा हिशेब वेगळा असतो. ही उणीव भरून काढण्याच्या खटपटीला आता नव्वद वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. त्यातले कानाचे गणित पहिल्या काही वर्षांतच बऱ्यापैकी सुटले होते. घोडे अडले ते दुसरीकडे. खोलीत आत्ता आवाज किती आहे आणि मूळ ध्वनिमुद्रण किती आवाजात ऐकून पक्के केले गेले होते, या दोन गोष्टी यंत्राला ठाऊक नव्हत्या.

चावीच्या ग्रामोफोनच्या काळात हा प्रश्न उद्भवलाच नाही. त्या यंत्राला आवाज लहान-मोठा करण्याचे बटण नव्हते. जाड ‘लाउड टोन’ सुई लावली की आवाज मोठा, बारीक ‘सॉफ्ट टोन’ सुई लावली की लहान. कपाटासारख्या मोठ्या यंत्रांत पुढची दारे लोटून घेता येत. शिवाय कर्ण्यात गाऊन घेतलेल्या त्या तबकड्यांवर खर्ज जवळपास उतरतच नसे. ढोबळ मानाने २५० ते २५०० हर्ट्झ एवढाच पट्टा त्यांत सामावे. जे मुळात मुद्रितच झाले नाही, ते मंद आवाजात हरवण्याचा प्रश्नच नव्हता.

१९२५ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे. त्या वर्षी मायक्रोफोन आणि विजेवर चालणारा वर्धक वापरून तबकड्या कापल्या जाऊ लागल्या. त्याच वर्षी जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी हलत्या गुंडाळीच्या लाउडस्पीकरचे वर्णन प्रसिद्ध केले. आजचे बहुतेक स्पीकर त्याच घडणीचे आहेत. तबकडीवर खर्ज उतरू लागला, स्पीकरमधून तो बाहेर पडू लागला आणि बोटाने फिरवायचे व्हॉल्यूमचे बटण आले. बटण आले तेव्हाच त्याचा दोषही कानावर येऊ लागला.

कानाची मोजदाद मात्र संगीतासाठी सुरू झालेली नव्हती. ती टेलिफोनसाठी सुरू झाली. हजारो मैल तारेतून येणारे बोलणे नीट कळावे तर कानाला नेमके काय आणि किती लागते, हे अमेरिकन टेलिफोन कंपनीला पैशाच्या हिशेबानेही जाणून घ्यायचे होते. न्यूयॉर्कमधील वेस्ट स्ट्रीटवरच्या बेल प्रयोगशाळेत हे काम चाले. ध्वनी मोजण्याचे डेसिबल हे एकक १९२० च्या दशकात याच वर्तुळात घडले आणि अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या नावावरून त्याला नाव मिळाले. १९२७ मध्ये तिथल्याच बी. ए. किंग्सबरी यांनी वेगवेगळ्या उंचीचे शुद्ध स्वर कानाला सारखे मोठे कधी वाटतात, याची पहिली पद्धतशीर मापे छापली.

हे काम पूर्णत्वाला नेणारा माणूस म्हणजे हार्वे फ्लेचर. युटा राज्यातील प्रोव्हो गावी १८८४ मध्ये जन्मलेल्या फ्लेचर यांनी शिकागोला रॉबर्ट मिलिकन यांच्या हाताखाली तेलाच्या थेंबांच्या प्रसिद्ध प्रयोगावर काम केले होते. पुढे ते टेलिफोनच्या क्षेत्रात आले आणि श्रवणशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना झाली. १९२९ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन ध्वनिशास्त्र संस्थेचे ते पहिले अध्यक्ष होते. त्याच संस्थेच्या नियतकालिकात ऑक्टोबर १९३३ मध्ये फ्लेचर आणि त्यांचे सहकारी वाइल्डन मन्सन यांचा निबंध प्रसिद्ध झाला. ध्वनितंत्रज्ञांच्या बोलण्यात ‘फ्लेचर-मन्सन’ हा शब्द आजही येतो तो या निबंधामुळे.

प्रयोगाची रीत साधी होती. ऐकणाऱ्याच्या कानाशी टेलिफोनचा रिसीव्हर. आधी १००० हर्ट्झचा एक स्वर ठरावीक पातळीवर ऐकवायचा, मग दुसऱ्या उंचीचा स्वर ऐकवायचा आणि दोन्ही सारखेच मोठे वाटेपर्यंत दुसऱ्याची पातळी बदलत राहायची. अशा असंख्य तुलनांतून एकाखाली एक अशा वक्ररेषा तयार झाल्या. एका रेषेवरचे सगळे स्वर कानाला सारखेच मोठे वाटतात. १००० हर्ट्झला त्या रेषेची जी डेसिबल पातळी, तेवढे ‘फोन’ त्या रेषेचे. फोन हे एकक जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश बार्कहाउझेन यांनी आधीच सुचवले होते.

या रेषांतली खरी गोम त्यांच्या एकमेकींमधल्या अंतरात आहे. आजच्या आंतरराष्ट्रीय मानकातील आकडे घेतले तर १००० हर्ट्झचा स्वर जेमतेम ऐकू यायला २-३ डेसिबल पुरतात, पण ५० हर्ट्झच्या स्वराला ४४ डेसिबल लागतात. ४० फोनच्या, म्हणजे हळू आवाजातल्या रेषेवर ५० हर्ट्झला सुमारे ७८ डेसिबल लागतात. ८० फोनच्या, म्हणजे भरघोस आवाजाच्या रेषेवर १०२. मधल्या पट्ट्यात ऐकू येण्याच्या किमान पातळीपासून भरघोस आवाजापर्यंत जवळजवळ ७८ डेसिबलचा जिना आहे, तर खर्जात तोच प्रवास ५८ डेसिबलांत उरकतो. म्हणून आवाज ४० डेसिबलनी उतरवला की मधले स्वर ८० फोनवरून बरोबर ४० फोनवर येतात. ५० हर्ट्झच्या स्वराने मात्र सुमारे २४ डेसिबलच उतरायला हवे होते. यंत्र त्यालाही ४० डेसिबल खाली ढकलते आणि तो आपल्या जागेपेक्षा १६ डेसिबल खाली जाऊन पडतो.

हेच काळी एक पट्टीत गाणाऱ्या गवयाच्या तंबोऱ्यावर लावून पाहता येते. जोडीच्या तारा सुमारे १३८ हर्ट्झच्या, तर खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, सुमारे ६९ हर्ट्झला. मैफलीच्या आवाजावरून रात्रीच्या हळू आवाजावर आले की या मूळ स्वरालाही दहा-पंधरा डेसिबलचा फटका बसतो. तरीही खर्जाचा षड्ज पुरता बुडत नाही, कारण जवारीमुळे त्या तारेतून वरचे सहायक स्वर भरपूर निघतात आणि त्यांच्या आधाराने कान मूळ स्वर ओळखतो. स्वर राहतो, त्याचे भरदारपण जाते. डग्ग्याला हा आधार फारसा नाही. त्याच्या घुमाऱ्याचा बहुतेक जोर खालच्याच वारंवारतांत असतो, म्हणून मंद आवाजात ठेक्याचा डावा हात आधी दिसेनासा होतो आणि भरीचे व खालीचे बोल एकसारखे वाटू लागतात. ठेक्याच्या आकारालाच धक्का लागतो, म्हणून मंद आवाजाचा हा दोष ऐकणाऱ्याने नुसता सोसून घ्यावा असा क्षुल्लक नाही.

ज्या वर्षी फ्लेचर-मन्सन निबंध छापला गेला, त्याच वर्षी फ्लेचर यांच्या चमूने एक अचाट प्रयोग केला. २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियाच्या अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये वाजणारा वाद्यवृंद तीन मायक्रोफोन आणि तीन स्वतंत्र वाहिन्यांतून वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये ऐकवण्यात आला. तिथल्या मंचावर वादक नव्हते, तीन मोठे लाउडस्पीकर होते. वाद्यवृंदाचे नेहमीचे संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की त्या संध्याकाळी वॉशिंग्टनमध्ये नियंत्रणाच्या बटणांपाशी बसले होते. फिलाडेल्फियात वादनाचे संचालन अलेक्झांडर स्मॉलेन्स करत होते. प्रत्यक्ष वाद्यवृंदापेक्षाही मोठा आणि त्याच्यापेक्षाही हळू असा आवाज स्टोकोव्स्कींना बोटाच्या टोकाशी मिळाला होता. एखाद्या संगीतकाराने केवळ पातळी बदलून तेच संगीत वेगळे करून दाखवल्याचे हे बहुधा सर्वांत भव्य उदाहरण.

कानाच्या रेषांचा दुसरा उपयोग आवाज मोजण्याच्या यंत्रांत झाला आणि तो आजही मराठी माणसाच्या रोजच्या जगण्याला भिडतो. १९३६ च्या अमेरिकी मानकाने ध्वनिपातळी मोजणाऱ्या यंत्रात एक चाळणी घातली. ४० फोनच्या रेषेवर बेतलेली ही ‘ए’ चाळणी खर्ज बराच वजा करते. ५० हर्ट्झला ही वजावट सुमारे ३० डेसिबलची असते. हळू आवाजासाठी ती रास्त होती. पुढे मात्र सगळ्याच आवाजांसाठी तीच रूढ झाली. भारताच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ अशी जी मर्यादा आहे, तीही ‘ए’ डेसिबलांतच. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीपुढे खिडकीची तावदाने थरथरतात. तिथे कान ४० फोनच्या रेषेवर नसतो. इतक्या मोठ्या आवाजात रेषा सपाट होत जातात आणि खर्ज आपोआप वर येतो. मापकाची चाळणी मात्र त्याच खर्जातले ३० डेसिबल वजा करून आकडा दाखवते. या मोजणीवर ध्वनितज्ज्ञ अनेक वर्षे आक्षेप घेत आले आहेत आणि तो आक्षेप खरा आहे.

घरातल्या यंत्रांत उपाय आला तो रेडिओमधून. १९३० च्या दशकात अमेरिकी रेडिओसंचांत व्हॉल्यूमच्या बटणात एक छोटी सुधारणा झाली. या बटणाच्या आत कार्बनची वर्तुळाकार पट्टी असते आणि तिच्यावरून एक स्पर्शक फिरतो. पट्टीच्या मध्येच एका ठिकाणी आणखी एक तार काढायची आणि ती एका कंडेन्सर व रोधकामार्फत जमिनीला, म्हणजे अर्थला जोडायची. कंडेन्सर वरच्या वारंवारतांना सहज वाट देतो, खालच्यांना अडवतो. स्पर्शक त्या जागेच्या जवळ किंवा खाली आला, की मधल्या-वरच्या स्वरांचा काही भाग जमिनीत निघून जातो आणि खर्ज तेवढाच राहतो. थोडक्यात, खर्ज वाढवायचा नाही, बाकीचे अधिक उतरवायचे. दोन सुटे भाग आणि एक जादा तार, एवढ्यावर कानाच्या वक्रांची ढोबळ नक्कल झाली. इतक्या थोड्या खर्चात इतके काम साधणारी युक्ती ध्वनितंत्रज्ञानात क्वचितच सापडेल.

ही युक्ती त्या रेडिओंत चांगली चालली, कारण ती एका गृहीतकावर उभी होती: बटणाची जागा म्हणजेच आवाजाची पातळी. रेडिओत हे गृहीतक बऱ्यापैकी खरे होते. वर्धक, स्पीकर आणि पेटी एकाच कारखान्यात एकमेकांसाठी बनवलेली. शिवाय हॅरल्ड व्हीलर यांनी १९२० च्या दशकात शोधलेल्या स्वयंचलित नियंत्रणामुळे जवळचे आणि दूरचे स्टेशन जवळपास सारख्याच पातळीवर बटणापर्यंत पोचत असे. बटण अर्ध्यावर असेल तर खोलीत साधारण किती आवाज असेल, हे आरेखन करणाऱ्याला कागदावरच सांगता येई. पुढच्या चाळीस वर्षांचा गोंधळ समजून घ्यायचा तर ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

दुसऱ्या महायुद्धानंतर हाय-फायची लाट आली. १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी, दहा वर्षांनी स्टिरिओ तबकडी. हौशी माणूस आता वर्धक एका कंपनीचा, टर्नटेबल दुसऱ्याचे आणि स्पीकर तिसऱ्याचे घेऊ लागला. पॉल क्लिप्श यांचा कोपऱ्यात ठेवायचा कर्ण्याच्या घडणीचा स्पीकर एका वॉटमध्ये दिवाणखाना भरून टाकी. एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये आणलेला छोटा, हवाबंद पेटीचा स्पीकर खर्जात अप्रतिम होता, पण तेवढ्याच आवाजासाठी त्याला कितीतरी पट वीज लागे. एकाच वर्धकाचे बटण एकाच खुणेवर ठेवले तरी हे दोन स्पीकर असलेल्या दोन घरांत आवाजाची पातळी पार वेगळी. बटणाच्या जागेवरून पातळी ओळखण्याचा मार्ग इथे संपला. पण रेडिओतल्या त्या दुरुस्तीची, म्हणजे ‘लाउडनेस’ची, जुनी मांडणी तशीच वर्धकांत उतरत राहिली.

चांगल्या आरेखकांना हे कळत होते. काही वर्धकांत दोन बटणे दिली गेली: एकाने एकदाच पातळी बसवून ठेवायची, दुसऱ्याने रोजचा आवाज कमी-जास्त करायचा आणि दुरुस्ती दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची. मॅकिन्टॉश कंपनीने लाउडनेसची दुरुस्ती व्हॉल्यूमपासून वेगळी काढून स्वतंत्र बटणावर दिली. पुढे १९७० च्या दशकात जपानच्या यामाहा कंपनीने आपल्या अनेक यंत्रांत फिरते लाउडनेसचे बटण बसवले. आधी व्हॉल्यूम वाढवून आपल्याला हवा तो सर्वांत मोठा आवाज लावायचा, मग व्हॉल्यूमला हात न लावता लाउडनेसच्या बटणानेच आवाज खाली आणायचा. ते बटण मधले स्वर उतरवत नेई आणि खर्ज मागे राही. त्या काळातले हे सर्वांत प्रामाणिक उत्तर होते, कारण त्यात मोठा आवाज कोणता हे ऐकणारा स्वतः सांगत असे. दोष एवढाच, की माहितीपत्रक न वाचता ते वापरणाऱ्याला त्याचा उलगडा होत नसे, आणि बहुतेकांनी ते वाचले नाही.

बाजारात जिंकला तो साधा खटका. दाबला की लाउडनेस चालू, पुन्हा दाबला की बंद. १९६० आणि ७० च्या दशकांतल्या जपानी रिसीव्हरांवर, कार स्टिरिओवर आणि कॅसेटच्या यंत्रांवर तो सर्रास दिसतो. भारतात तो मोठ्या संख्येने आला तो आखातातून येणाऱ्या माणसांबरोबर. रत्नागिरी आणि गोव्याकडून दुबई, कुवेत, मस्कतला गेलेल्यांच्या सामानात टू-इन-वन हटकून असे. त्याआधी घरोघरी होते ते वाल्व्हचे आणि नंतर ट्रान्झिस्टरचे रेडिओ. ठाण्याच्या कारखान्यातला मर्फी त्यांतलाच. त्यांवर फार तर टोनचे एक बटण असे. टू-इन-वनवरचे ‘लाउड’ लिहिलेले बटण म्हणूनच नवलाईचे वाटे. ते दाबताच छोट्या स्पीकरमधून ढोलकीला अंग येई, आणि मग ते बटण कधीच वर येत नसे. मंद आवाजाची दुरुस्ती पूर्ण आवाजातही चालूच राही, खर्ज दुप्पट होई आणि स्पीकरचा कागद फडफडू लागे. बटणाच्या नावानेच दिशाभूल केली होती. ते मंद आवाजासाठी आहे हे त्यावर कुठेच लिहिलेले नव्हते.

दरम्यान रेषांची फेरतपासणी झाली होती. इंग्लंडमधील टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत डी. डब्ल्यू. रॉबिन्सन आणि आर. एस. डॅडसन यांनी प्रतिध्वनी नसलेल्या खोलीत, समोरून येणाऱ्या ध्वनीने नव्याने मापे घेतली आणि १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. १९६१ पासून आंतरराष्ट्रीय मानक म्हणून तीच धरली गेली. त्यांच्या हिशेबात कान खर्जाला पूर्वी वाटला तितका मंद नव्हता, त्यामुळे दुरुस्तीही कमी लागत होती. मग जपानमधील तोहोकु विद्यापीठातील योइती सुझुकी यांच्या पुढाकाराने अनेक देशांतल्या नव्या मापांचा मेळ घालून २००३ मध्ये मानक बदलण्यात आले. खर्जात काही ठिकाणी नवी रेषा जुन्या मानकापेक्षा १५ डेसिबलपर्यंत वर निघाली, म्हणजे ती ब्रिटिश मापांपेक्षा १९३३ च्या मापांकडे झुकणारी होती. टेलिफोनच्या रिसीव्हरवर सत्तर वर्षांपूर्वी केलेल्या कामाची ही मोठीच पावती आहे.

पण रेषा कितीही अचूक केल्या तरी लाउडनेसचे बटण सुधारले नसते. त्यातली चूक तत्त्वाचीच होती. १९७८ मध्ये टॉमलिन्सन होल्मन आणि फ्रँक कॅम्पमन यांनी ऑडिओ अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात लाउडनेसच्या दुरुस्तीचा वापर आणि गैरवापर या विषयावर निबंध लिहिला. या प्रश्नाचा विचार करताना तो टाळून पुढे जाता येत नाही. अनेक वर्धकांत एखादी वक्ररेषा उलटी करून जशीच्या तशी घातलेली असे. खर्जही वाढवायचा आणि टिपेचे स्वरही. पण मुळात संगीत प्रत्यक्ष ऐकतानाही कान आपल्या रेषांतूनच ऐकत असतो. दुरुस्त करायचा असतो तो फक्त दोन रेषांमधला फरक: मूळ आवाज ज्या पातळीवर होता ती एक, आणि आता ज्या पातळीवर ऐकायचे ती दुसरी. टिपेच्या बाजूला या रेषा जवळजवळ समांतर जातात, ८००० हर्ट्झला ८० आणि ४० फोनच्या रेषांमधले अंतर १००० हर्ट्झच्या तुलनेत जेमतेम एखाद्या डेसिबलने बदलते. म्हणजे तिथे दुरुस्तीची गरज नाममात्र. खर्जात मात्र ती खरोखर लागते. फरक काढायचा तर दोन्ही पातळ्या ठाऊक हव्यात, आणि घरातल्या यंत्राला दोन्हींपैकी एकही ठाऊक नव्हती.

पातळी ठाऊक असलेली एक जागा होती, ती म्हणजे चित्रपटगृह. १९७० च्या दशकात डॉल्बी कंपनीने चित्रपटाच्या ध्वनिमिश्रणाची खोली आणि चित्रपटगृह दोन्हीकडे एकच पातळी रूढ केली. ठरावीक चाचणी-ध्वनी लावला की खुर्चीपाशी प्रत्येक वाहिनीला ८५ डेसिबल आले पाहिजेत. मिश्रण करणाऱ्याने जे ज्या आवाजात ऐकले, तेच प्रेक्षकाने त्याच आवाजात ऐकायचे. दोन पातळ्यांत फरकच नाही, म्हणून दुरुस्तीचीही गरज नाही. गाण्याच्या तबकडीच्या धंद्याला असा नियम कधीच लागला नाही. प्रत्येक स्टुडिओ, प्रत्येक अभियंता आपल्या सवयीच्या आवाजात मिश्रण करी. जाणते अभियंते याचा उपाय हाताने करतात: मुख्य काम मध्यम आवाजात, मग तेच गाणे अगदी हळू लावून पाहायचे. फार मोठ्या आवाजात केलेले मिश्रण घरी हळू लावल्यावर पोकळ निघते, कारण करणाऱ्याच्या कानाला खर्ज पुरेसा आहे असे तेव्हा वाटलेले असते.

होल्मन यांनी पुढे ल्युकासफिल्ममध्ये चित्रपटगृहांच्या ध्वनीसाठी टीएचएक्स ही मानकपद्धती उभी केली, १९८३ मध्ये ती सुरू झाली. २००२ मध्ये ते ऑडिसी या कंपनीच्या संस्थापकांत होते. १९७८ च्या निबंधात मांडलेल्या प्रश्नाचे उत्तर अखेर याच कंपनीच्या तंत्रात आले. यंत्राबरोबर एक छोटा मायक्रोफोन येतो. तो ऐकणाऱ्याच्या जागी ठेवायचा, यंत्र प्रत्येक स्पीकरमधून चाचणीचे आवाज काढते आणि खोलीत नक्की किती पातळी येते ते मोजते. यानंतर बटणावरच्या शून्याच्या खुणेला अर्थ येतो. शून्य म्हणजे चित्रपटाची मूळ पातळी. बटण शून्याखाली ३० वर आणले की यंत्राला कळते की श्रोता मूळ पातळीपेक्षा ३० डेसिबल खाली ऐकतो आहे, आणि ते तेवढीच दुरुस्ती करते. चित्रपटासाठी हे चोख चालते. संगीताला अशी मूळ पातळी नसल्याने त्याच यंत्रात ५, १० किंवा १५ डेसिबलांची तडजोड हाताने लावण्याची सोय ठेवावी लागली. डॉल्बी आणि इतर कंपन्यांनीही त्याच सुमारास आपापली तंत्रे आणली.

संगीताची अडचण अजून एका बाजूने कमी झाली. आपले गाणे शेजारच्या गाण्यापेक्षा मोठे वाटावे म्हणून १९९० च्या दशकापासून सीडी अधिकाधिक जोरात भरल्या जात होत्या. एकाच बटणावर दोन सीडींच्या आवाजात मोठी तफावत पडे. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने कार्यक्रमाची जाणवणारी पातळी मोजण्याची एक सर्वमान्य रीत ठरवली आणि २०१० मध्ये युरोपीय प्रसारण संघाने तिच्या आधारे कार्यक्रमांसाठी एकच पातळी नेमून दिली. गाणी ऐकवणाऱ्या आजच्या सेवा याच रीतीने सगळी गाणी साधारण एका पातळीवर आणून ठेवतात. तंत्रज्ञांनी हे केले ते श्रोत्याला सारखे बटण फिरवावे लागू नये म्हणून. त्यातून लाउडनेसच्या दुरुस्तीला हवी असलेली दुसरी माहितीही जवळपास मिळून गेली. १९३० च्या दशकातल्या रेडिओत जे गृहीतक एका पेटीपुरते खरे होते, ते आता मोबाइलपासून स्पीकरपर्यंत पुन्हा खरे होऊ शकते, कारण ब्लूटूथ स्पीकरही वर्धक, पेटी आणि स्पीकर एकत्र असलेले यंत्रच आहे.

या छोट्या स्पीकरांत एक विलक्षण योग जुळून आला आहे. मुठीएवढ्या पेटीतला पडदा मोठ्या आवाजात खोल खर्ज काढू लागला तर फाटेल. म्हणून आतली चिप आवाज वाढत जाईल तसा खर्ज आवरते, आणि आवाज कमी असताना त्याला मोकळीक देते. पडद्याच्या सुरक्षेसाठी जी वागणूक हवी, कानाला हवी असलेली वागणूकही जवळजवळ तीच आहे. रात्री हळू लावलेल्या छोट्या स्पीकरमधून डग्गा अनपेक्षितपणे स्पष्ट ऐकू येतो त्याचे एक कारण हे.

उरतो तो ऐकणाऱ्याचा कान. आजच्या मानकातल्या रेषा ज्यांच्या कानांवरून काढल्या ते १८ ते २५ वयाचे, निरोगी कानाचे तरुण होते. वयाने किंवा आजाराने कान मंदावतो तेव्हा हळू आवाज नाहीसे होतात, पण मोठे आवाज पूर्वीइतकेच मोठे, कधी असह्य वाटतात. बेल प्रयोगशाळेतल्या जॉन स्टाइनबर्ग आणि मार्क गार्डनर यांनी १९३७ मध्येच याचे वर्णन केले होते. अशा कानासाठी सगळा आवाज सरसकट वाढवून भागत नाही; प्रत्येक पट्ट्यातला हळू आवाज जास्त आणि मोठा आवाज कमी वाढवावा लागतो. लाउडनेसच्या दुरुस्तीचाच हा अधिक अवघड अवतार. त्यावर काम केले ते छोटा स्पीकर बनवणाऱ्या विल्चर यांनी. १९६७ मध्ये आपली कंपनी विकून ते श्रवणयंत्रांकडे वळले आणि १९७३ मध्ये वेगवेगळ्या पट्ट्यांत वेगवेगळे दाबन (कॉम्प्रेशन) करण्याची कल्पना त्यांनी प्रसिद्ध केली. पेटंट न घेता त्यांनी ती सर्वांसाठी खुली ठेवली. आजची बहुतेक श्रवणयंत्रे तिच्याच आधारे चालतात. २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने साध्या इअरफोनमध्येच श्रवणयंत्राचे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला परवानगी दिली. ते आधी वापरणाऱ्याच्या श्रवणाची माहिती घेते आणि सरासरी रेषेऐवजी त्याच्या स्वतःच्या कानाप्रमाणे प्रत्येक पट्ट्याची पातळी ठरवते.